मेंबरांचं मेलेलं गाव

मेंबर कुणाकडेही जेवायला गेले, की ताकभात येईपर्यंत इंग्लंडातलं एक मेलेलं गाव पंगतीत येऊन बसायचं. मूळचे नागपूरचे, शॉमबर्गमध्ये एका अमेरिकन कंपनीचे डेटाबेस सांभाळायचे, पण जीव सगळा त्या गावात. तिथे म्हणे घर नाही, दार नाही, टेकडीवर नुसती मेंढरं. तरी जुन्या पार्लमेंटात त्या गावाचे दोन मेंबर! निवडणुकीला जमीनदार तंबू ठोकायचा, आपली चार कुळं बोलवायचा. ती मालक सांगेल त्यांची नावं मोठ्याने घ्यायची आणि सगळे जेवायला बसायचे. पिढ्यान् पिढ्या हे चाललं, शेवटी कायदा करून मोडावं लागलं. या कथेपायीच आम्ही त्यांना मेंबर म्हणायला लागलो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची कमिटी श्रीखंड-पुरी वाढता वाढता ठरते. अध्यक्षांनी "मग सगळे ओके ना?" म्हटलं, की मेंबर उभे. "अरे यार, बिनविरोध काय? हे तर माझं गाव झालं! चिठ्ठ्या टाका." पुऱ्या गार व्हायच्या, लोक वैतागायचे, पण स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या पडायच्याच. निवडून पुन्हा तेच यायचे. मेंबर मात्र दिवसभर खुशीत असायचे.

त्यांना मत असं तेवढंच होतं. मतदानासाठी भारतात जायची सुट्टी कधी जमली नाही आणि इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झाले. इथल्या निवडणुकीत ते शेजारच्या डोरोथी आजींना गाडीने केंद्रावर न्यायचे आणि स्वतः बाहेर थांबायचे. मत दिल्यावर मिळतो तो स्टिकर आजी एकदा त्यांच्या जॅकेटला लावायला गेल्या. त्यांनी तो हळूच परत केला. मला म्हणाले, "न जेवता ढेकर कशाला देऊ?"

अखेर कार्ड आलं, काही वर्षांनी सिटिझनशिपचा इंटरव्ह्यूही झाला. फक्त शपथ राहिली, ती घेतली की मत मिळणार. त्याच सुमाराला पोट दुखायला लागलं, आणि निघाला कॅन्सर. शपथेच्या दिवशी ते हॉस्पिटलात होते. "व्हीलचेअरवर ने ना मला," म्हणत माझा हात सोडेनात. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

"बाबा, दे विल रीशेड्यूल इट," त्यांची मुलगी ईशा म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर मेंबर मला म्हणाले, "गाव मेलं होतं, पण मत जिवंत होतं. माझं बघ, नेमकं उलटं."

नवी तारीख यायच्या आत मेंबर गेले. मी अजून त्याच ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. कधी कधी इतका संताप येतो, पण तो कुणावर काढायचा तेच कळत नाही.

परवा निवडणुकीच्या तोंडावर काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो होतो. मेंबरांचा फोन त्यांनी अजून चालू ठेवलाय. बोलता बोलता तो वाजला. कुठल्याशा उमेदवाराचा मेसेज होता. ईशाने वाचला आणि आईकडे बघितलं.

"काय गं?"

"आई, दे आर आस्किंग... बाबा व्होट करणार का?"

काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला, मेंबरांच्या फोटोसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला विचारतायत."