ठवकरांच्या शेडमधला नापास माल

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या तपासणी शेडमध्ये दोन गोष्टींचा ढीग लागायचा. बाहेरून आलेल्या मालाचा आणि किश्श्यांचा! माल कधीचाच गेला, किस्से अजून माझ्याकडेच पडून आहेत.

ट्रक-ट्रॉल्यांचे बोल्ट, दारांचे कब्जे, चाकं कुठून कुठून यायची. पास-नापास ठरवायचे आमचे इन्स्पेक्टर ठवकर, भंडाऱ्याकडचे. मी त्यांचा जोडीदार.

एका सप्लायरनं पेटीत वर सगळे चकाचक बोल्ट रचले. ठवकरांनी तळातून काढले, तर सगळे आखूड! पेटी परत. पुढच्या वेळी त्यानं चांगले वरही ठेवले आणि तळालाही. ठवकरांनी पेटी आडवी पाडून मधली फळीच उचकटली, तर मधे पुन्हा आखूड!

"साहब, बीच में कौन देखता है?" त्याचा माणूस कळवळला.

"अरे बाबा, आमी संत्र्याच्या पेट्या घेणारे लोकं!"

*

नापास मालावर आम्ही लाल पट्टा मारायचो. जवळच्या सुपेल्याचा एक वर्कशॉपवाला पट्टा घासून तोच माल पुन्हा पाठवायचा. मग ठवकर दरवेळी आतून पंचनं गुपचूप एक टिंब मारू लागले. एक कब्जा तीन टिंबं घेऊन आला!

"आला जावई!" ठवकर ओरडले. "आता काय याले आहेर करू?"

*

आमच्या रशियन इंजिनिअरला हिंदीचे दोनच शब्द येत, 'नहीं' आणि 'चलेगा'. एकदा ठवकरांनी त्याला डब्यातला ठेचा दिला. गडी लालबुंद! "नहीं... नहीं..." मग डोळे पुसत भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि गरजला, "चलेगा!"

बाहेर ताटकळलेल्या सप्लायरला वाटलं, आपला माल पास! धावत पावर हाउसच्या बाजारात जाऊन पेढे घेऊन आला.

पेढे पास झाले. माल नाही.

*

पण सुखवतीची गोष्टच न्यारी! ती जवळच्या कुरुद गावाहून यायची, शेडमध्ये माल वाहायची. एक दिवस वितळलेलं लोखंड नेणाऱ्या गाडीची आठ चाकं आली. त्यातलं एक जरी चालता चालता फुटलं, तर जवळचा माणूस वाचायचा नाही. ठवकरांनी एकेक चाक हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. आठही पास!

तोच सुखवती डोक्यावरची टोपली उतरवून म्हणाली, "साहेब, पाँचवा चक्का रोवत हे!"

सगळे हसले. ठवकर हसले नाहीत. "रडून राहिलं? मंग मले कावून नाही ऐकू आलं?"

पुन्हा ठोकलं. काहीच नाही! तरी त्यांनी चाकाला रॉकेल फासलं, पुसलं, वर खडू घासला. हळूहळू पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. तडा!

ठवकरांनी हातोडी तिच्या हातात दिली. "बाई, आता आठही तूच ठोक."

रिपोर्टात एक रकाना होता, 'तपासणीचे यंत्र'. ठवकरांनी लिहिलं, 'सुखवती'.

आठ दिवसांनी वरच्या ऑफिसातून पत्र आलं, "यंत्र उत्तम दिसते. कोणत्या देशाचे? आणखी मागवता येतील काय?"

ठवकरांनी उत्तर धाडलं, "कुरुदचे. एकच आहे."