उरल्यासुरल्या गोळ्या

मंदाकिनी रिसबूड या बाईंनी आयुष्यात काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही. उरलेल्या भाताला फोडणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालिपीठं. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे हे सगळं मी नुसतं पाहिलेलं नाही, खाल्लेलंही आहे. चांगलं असतं. पण हीच सवय त्यांनी औषधांनाही लावली, आणि तिथे ती नडली.

झालं असं, की त्यांचे यजमान श्रीपादराव यांची कंबर धरली होती तेव्हा डॉक्टरांनी नसांसाठी गोळ्या दिल्या होत्या. कंबर सुटली, गोळ्या उरल्या. ठाण्याला राहणारी त्यांची लेक संचिता केस गळतात म्हणून दर दोन महिन्यांनी नवी बाटली मागवते आणि आठवड्यात कंटाळते. तिसऱ्या मजल्यावरच्या परशुरामकाकांना मुलाने परदेशातून ताकदीच्या गोळ्या पाठवल्या, त्या काकांच्या घशाखाली उतरेनात. हे सगळं फिरून फिरून मंदाकिनीताईंच्या ओट्यावरच्या श्रीखंडाच्या डब्यात येऊन पडायचं.

"ताई, तारीख संपत आलीये, टाकून देऊ?" असं कुणी विचारलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "टाकताय काय? आणा इकडे. व्हिटॅमिनच आहे ना, विष थोडंच आहे! जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं." चहाबरोबर एक, जेवणावर दोन, संध्याकाळी जी सापडेल ती. असं वर्ष-दोन वर्षं चाललं. आणि आम्ही सगळे वर कौतुक करायचो, बघा या वयात कशा टुणटुणीत आहेत!

एका बाबतीत मात्र बाई उधळ्या होत्या, ती म्हणजे रांगोळी. पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या वाटेवर आदल्या संध्याकाळी आमचा गट भलामोठा गालिचा काढतो. आतले रंग कुणीही चाळणीने भरावेत, पण बाहेरची किनार ताईंचीच. उकिडवं बसून चिमटीतून अशी रेघ सोडायच्या, की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडू नये. स्तुती केली की म्हणायच्या, "माझं कसलं कौतुक, बोटांना आपोआप कळतं."

त्या वर्षी गणपतीत मंडपासमोर त्यांची रेघ फाटली. एकदा, दोनदा, मग जागोजागी ढीग. "अगं रसिका, बोटांना मुंग्या येतायत, चिमटीत रांगोळी आहे की संपली तेच कळत नाहीये," त्या मला म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आम्ही बाजारातून परतलो, तर त्यांच्या एका पायात चप्पलच नाही! कुठे निसटली, बाईंना पत्ता नाही. मी हसायला लागले. त्याही हसल्या, पण मध्येच थांबल्या आणि जिन्यातच खाली बसल्या. त्यांची आई अर्धांगवायूने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं यांनीच केलं होतं. "मला तसं पडून राहायचं नाही गं," एवढंच म्हणाल्या. पिशव्या तेवढ्या मी घेतल्या.

आता यावर बिल्डिंगीने काय सुचवावं? मुंग्या येतात म्हणजे बी व्हिटॅमिन कमी पडलंय! या निदानाला डॉक्टर कशाला हवा, ते तर आपल्याकडे कुणीही करतं. श्रीपादरावांनी घाबरून चक्क नव्या पाकिटांची थप्पी आणली. त्या घरात विकतची, कोरी व्हिटॅमिनं पहिल्यांदाच आली असतील. ताईंनी ती डब्यातल्या गोळ्यांच्या जोडीला सुरू केली. दसऱ्यापर्यंत त्या भिंत धरून चालायला लागल्या.

शेवटी संचिताने ठाण्याच्या एका नसांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, आणि त्या दोघांबरोबर मीही गेले. कादंबरी नावाची तरुण मुलगी होती, पण शांत. "औषधं कोणती चालू आहेत?" तिने विचारलं. "एकही नाही," ताई ताठ मानेने म्हणाल्या. "मला ना बीपी, ना शुगर." डॉक्टरांनी ठोकला की थरथरणारा एक धातूचा काटा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, "थरथर थांबली की सांगा."

"सुरू कधी झाली?" ताईंनी विचारलं. श्रीपादराव खिडकीबाहेर बघायला लागले.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या होत्या. "आजी, औषध घेत नाही म्हणता, मग रक्तात बी-ट्वेल्व्ह एवढं वर कसं?"

"औषध नाहीच घेत. व्हिटॅमिनं घेते."

मी मुकाट्याने पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला. संचिताने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं म्हणून आणला होता. तो टेबलावर उपडा केल्यावर डॉक्टर आधी हसल्या, मग एकेक पाकीट उलटून बघायला लागल्या.

"ही कशाची?"

"केसांची."

"ही?"

"नसांची. आणि ती ताकदीची."

"नावं वेगळी, आजी, पण या प्रत्येकात बी-सिक्स आहे. काहींत तर भरपूर. जास्तीचं बरंचसं निघून जातं हे खरं, पण बी-सिक्स इतकं, इतके दिवस घेतलं की नसांनाच इजा करतं. तुम्ही मुंग्यांवर जे घेत होता, त्यानेच मुंग्या येत होत्या."

"म्हणजे अर्धांग नाही?"

"अजिबात नाही. हे सगळं आज बंद. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. मग महिनोन्‌महिने हळूहळू उतरेल. पहिल्यासारखं शंभर टक्के होईलच असं वचन देत नाही, पण बराच फरक पडेल."

श्रीपादरावांनी लगेच स्वतःच्या आठवड्याच्या डी व्हिटॅमिनचं विचारलं. ते तपासून, मोजून दिलेलं आहे, चालू ठेवा, असं उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर ताई बाकड्यावर बसून ढसाढसा रडल्या. "अहो, आता कशाला रडता?" मी म्हटलं, तर पदराने नाक पुसत म्हणाल्या, "सुटल्यासारखं वाटलं गं." मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी ठाण्यात आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली, आणि बिल कुणी द्यायचं यावरून ते दोघं नवरा-बायको भांडले, इतके खुशीत होते.

दिवाळीपर्यंत त्रास खरंच वाढला, आणि ताईंनी डॉक्टरांना लाखोली वाहिली. संक्रांतीनंतर भिंत सुटली. बोटांचं मात्र काही खरं नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी किनार काढायला त्यांनी साफ नकार दिला. ती माझ्या गळ्यात पडली, आणि त्या खुर्चीवर बसून नुसत्या बघत राहिल्या.

मी कोपऱ्यावर वळण चुकवलं. बघवेना त्यांना. "सरक," म्हणाल्या. श्रीपादरावांचा हात धरून खाली बसल्या, मूठभर रांगोळी घेतली आणि चिमटीतून सोडायला लागल्या. रेघ जरा जाडच होती. दोनेक वीत गेल्यावर हात थांबला.

"रसिका, कुठून आणलीस गं ही रांगोळी?" त्या करवादल्या. "चाळली नाहीस का? नुसते खडे आहेत हिच्यात!"

"अहो ताई, घाईत—" मी म्हणायला लागले. चिमूट तशीच धरून त्यांनी अंगठा बोटावर फिरवला, पुन्हा फिरवला.

मग मान वर करून त्या भर रस्त्यात ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? खडे लागतायत मला!"