अस्वलाचा दुभाष्या

अख्ख्या सेक्टर दोनमध्ये रशियन शिकलेला फिटर मी एकटाच होतो, आणि माझं वाटोळं झालं ते त्यामुळेच.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. कामगारांसाठी संध्याकाळी रशियन भाषेचा वर्ग चालायचा. ड्यूटी सुटली की बाकीचे पत्ते कुटायचे, मी वही घेऊन वर्गाकडे पळायचो. असे सात महिने काढले. कशासाठी? तर ट्रेनिंगला रशियात जाणाऱ्या तुकडीत आपलं नाव लागावं म्हणून. जाऊन आलेला माणूस चार्जमन व्हायचा, न गेलेला आमच्यासारखा पाना घेऊन म्हातारा व्हायचा. घरी मी ‘गेलो तर’ असं कधी म्हटलंच नाही, ‘गेल्यावर’ असंच म्हणायचो! त्यामुळे मायनं (माझी आई, भंडाऱ्याकडची, गप्प बसणं तिच्या माहेरीच नव्हतं) पार गावाबाहेरच्या रुआबांधा वस्तीपर्यंत बातमी पोचवली, आणि माझ्या बायकोनं, विमलनं, तिकडे थंडी असते म्हणून एक जाडजूड स्वेटर विणून ठेवला.

आमच्या शेजारी कापगते राहायचा. तो रिगर. म्हणजे जड सामान क्रेनला बांधायचं आणि खाली उभं राहून हातानं इशारे करत ते वर चढवायचं, हे त्याचं काम. वर्गाला चल म्हणून मी त्याला फार समजावलं. तर म्हणाला, आपल्याला मराठीच पुरून उरते. मला त्याची कीव यायची.

एप्रिलमध्ये एका शनिवारी आमच्या नागपूरकर फोरमननं मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर रशियन कार्टून दाखवणार होते आणि दुभाष्या तापानं आडवा पडला होता. ज्या रशियन साहेबाच्या शिफारशीवर तुकडीची नावं ठरणार, तोही येणार होता.

“तू माइकवर उभा राह्य अन् ते काय बोलतात ते लोकाईले सांग,” फोरमन म्हणाला. “तुह्यं रशियन साहेबही आयकन.”

मला तर रशियाचं तिकीटच हातात पडल्यासारखं वाटलं.

रविवारी विमलनं मला तो स्वेटर घालायला लावला. एप्रिलमध्ये! भिलाईत! लोक हसतील म्हटलं, तर म्हणाली हसू द्या, तुमची तयारी किती आहे ते साहेबाला दिसलं पाहिजे. मलाही ते पटलं. (सात महिने परकी भाषा घोकलेल्या माणसाला काहीही पटतं.)

मैदान गच्च भरलं होतं. पुढच्या खुर्चीत साहेब, आणि त्याच्या शेजारी चक्क कापगते. पडदा बांधायला त्याला बोलावलं होतं, काम झाल्यावर तो तिथंच टेकला होता.

पडदा उजळला आणि एक अस्वल आलं. त्याला घर रंगवायचं होतं. त्यानं शिडी लावली. मी कान टवकारले. अस्वल काही बोललं नाही. बादली घेऊन वर चढलं, तरी बोललं नाही. खाली एक शेळी येऊन त्याचा ब्रश खाऊ लागली. तीही बोलली नाही! नुसता बाजा वाजत होता. त्या अख्ख्या कार्टूनमध्ये बोलणं म्हणून नव्हतंच.

शहाण्या माणसानं माइक खाली ठेवला असता. पण फोरमन पुढून खुणा करत होता, बोल म्हणून. मग मी हिंदीतून सांगितलं की अस्वल म्हणतं, आज घर रंगवायचं आहे. शेळीलाही एक वाक्य दिलं. साहेब वळून माझ्याकडे पाहू लागला, तसा मला चेव चढला. मी अस्वलाला उत्पादनावर बोलायला लावलं, दोन देशांच्या मैत्रीवर बोलायला लावलं. ‘आपण सगळे मिळून वर चढू या’ असं माझं अस्वल म्हणायला आणि पडद्यावरचं उताणं पडायला एकच गाठ पडली! बादली त्याच्या डोक्यात बसली आणि मैदान हसून लोळलं. मला वाटलं, ही माझ्या भाषांतराला दाद. म्हणून खास साहेबासाठी पाठ केलेलं स्वागताचं रशियन वाक्य मी माइकमध्ये ठोकून दिलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माय उठून उभी राहिली.

“ते अस्वल त तोंडच नाही उघडून राहिलं. तू कावून बोलून राहिला रे?”

मायचा आवाज माइकपेक्षा मोठा. ज्यांना मराठी येत नव्हती त्यांनाही ते कळलं. फोरमननं स्वतः येऊन माझ्या हातातला माइक काढून घेतला, आणि लोकांच्या आग्रहावरून तेच रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी बाजूला घामानं निथळत उभा राहिलो आणि ते कार्टून पहिल्यांदाच नीट पाहिलं. फार छान होतं. हे कबूल करताना आजही तोंड कडू होतं. तेलुगू, पंजाबी, मल्याळी, छत्तीसगढी, आपले वऱ्हाडी, सगळे एकाच क्षणाला हसत होते. इतक्या भाषांची माणसं एकदम हसवणारी दुसरी गोष्ट मी जन्मात पाहिली नाही, आणि तिला मी दुभाष्या लागलो होतो! कापगते साहेबाच्या मांडीवर थापा मारत होता, साहेब त्याच्या पाठीवर. मध्येच शिडी कशी लावायला हवी होती, ते दोघं एकमेकांना हातांनी समजावत होते. अख्ख्या मैदानात हसू न आलेला मी एकटा.

आठ दिवसांनी यादी लागली. नाव कापगतेचं होतं. मी फोरमनला कारण विचारलं. या माणसाशी बोलावंच लागत नाही, सगळं कळतं, असं साहेब म्हणाला होता म्हणे.

“अन् माह्याबद्दल?”

फोरमन वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. “इचारत होता, का हा माणूस आजारी आहे का.”

माय आठवडाभर नळावर गेली नाही. विमलनं स्वेटर धुतला, घडी केली आणि कापगतेच्या बायकोला देऊन आली. “त्याईले लागन,” एवढंच म्हणाली. मला तेव्हा रडू आलं, खोटं कशाला सांगू.

वर फोरमननं मला एक काम दिलं. जाण्याआधी कापगतेला थोडी रशियन शिकव म्हणाला. शिकवली. पंधरा दिवस, माझ्याच दारात, माझ्याच वह्या उघडून.

दीड वर्षानं कापगते परतला आणि चार्जमन झाला. त्याच्या घरी पेढे होते, रशियन साहेबही आला होता. दोघं फाडफाड रशियन बोलत होते आणि मी, त्याचा गुरू, पेढा हातात धरून कान देऊन ऐकत होतो. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.