वायर हलवणारा, स्क्रीन बघणारी

आमच्या कामात खराब सेन्सर बदलला की जुना तिथेच फेकून देतात. किस्सा मात्र कोणी फेकत नाही. तो साईटवरून चहाच्या टपरीवर जातो, तिथून दुसऱ्या साईटवर, आणि एखाद्या वर्षानं कोणी अनोळखी ऑपरेटर मलाच तो सांगतो, "भाऊ, तुम्हाले माहीत आहे का, एक वहिनी होत्या..." मी मधे बोलत नाही. हल्ली तर मुद्दाम पूर्ण ऐकतो, कारण त्या वहिनी म्हणजे वंदना, माझी बायको.

लोडर, ग्रेडर, एक्स्कॅव्हेटर अशा मोठ्या मशीनच्या इंजिनातले सेन्सरचे बिघाड शोधणं, हे माझं काम. बिघाड कायमचा असेल तर सोपं असतं. पण तो येतो-जातो असा असेल तर दोन माणसं लागतात. एकानं बॉनेटखाली वाकून एकेक वायर हलवत राहायचं. दुसऱ्यानं केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचं आणि स्क्रीनवरचं रीडिंग गेलं की ओरडायचं. माझा जुना जोडीदार पुण्याला गेला, तेव्हा शाळेत शिकवणारी वंदना सुट्टीत "एक दिवस येते" म्हणाली. पुढं तिची शाळा सुटली, हे सुटलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतर मी फोनवर सल्ला देत होतो, साईटवर जात नव्हतो. "भाऊ, केव्हा येता?" असं लोक विचारत. ती वर बसलेली नसताना मला बॉनेटखाली वाकता येईल का, हे माझं मलाच कळत नव्हतं.

*

तिचा पहिला दिवस बुटीबोरीला, एका कारखान्याच्या बांधकामावर. लोडरचा ऑपरेटर नामदेव. आपल्या सीटवर तो मालकालासुद्धा बसू देत नसे.

"वहिनी, हे मशीन आहे. हळदीकुंकवाले नाही आल्या तुम्ही."

"तेच म्हणते ना मी. हळदीकुंकवाले वाण तरी भेटते. इथं साडीले ग्रीस भेटलं."

नामदेवनं गळ्यातला दुपट्टा काढून सीटवर अंथरला.

मी खाली वायर हलवू लागलो. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "गेलं."

"काय गेलं?"

"होतं ते गेलं."

"अगं, पण ऑइल प्रेशर की टेम्परेचर?"

"नाव मंग विचारा. आधी हात तिथंच ठेवा."

हात होता त्याच क्लॅम्पमागं वायर घासून उघडी पडली होती.

*

मे महिना. उमरेड रोडवरच्या साईटवर एक्स्कॅव्हेटर उभा होता. पत्र्याला हात लावला की चटका बसत होता. ऑपरेटर डोक्याला ओला गमछा बांधून सावलीत बसलेला. लॅपटॉप जोडला तर स्क्रीनवर इंजिनाच्या पाण्याचं तापमान उणे चाळीस!

यात नवल काही नाही. त्या सेन्सरची वायर तुटली की असंच दिसतं. पण ऑपरेटरनं स्क्रीनकडं पाहिलं, मग मशीनकडं पाहिलं.

"भाऊ, दुरुस्त नका करू. मी हे घरी नेतो. कूलरमध्ये पाणी टाकू टाकू बायको थकून राहिली."

वंदनानं स्क्रीनचा फोटो काढून बहिणीला पाठवला. बहीण नुकतीच काश्मीरला जाऊन आली होती आणि भेटेल त्याला थंडीच सांगत होती. वंदनानं खाली लिहिलं, "आम्ही पण आलो."

*

एका रोडच्या कामावर ग्रेडरच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले होते. ऑइल, हवा, डिझेल, एकही सेन्सर धड नाही. मालकानं त्यातले काही नवे आणून बसवले होते, तरी दिवे तसेच. तो रडवेला झाला होता.

वंदना म्हणाली, "सगळे एकदम बिघडत नसतात. यातला कोणी तरी एकच आहे. तोच बाकीच्याईले बसवून राहिला."

तसंच होतं. या सेन्सरना एकाच लाईनवरून करंट जातो. एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचा करंट ओढून बसतो. मी एकेकाचा प्लग काढत गेलो. एक प्लग निघाला आणि बाकीचे दिवे विझले.

मालकानं हात जोडले. "हे कुठं शिकल्या वहिनी?"

"याइच्या घरी. चार नणंदा होत्या मले. चौघीही एकदम नाराज दिसल्या, का समजाचं, भांडण एकीचंच आहे."

मी खाली मान घालून प्लग साफ करत राहिलो.

त्या चौघींपैकी ती कोण, हे माझ्या बहिणी अजून मला विचारतात. मीही वंदनाला अनेकदा विचारलं होतं. तिनं सांगितलं नाही.

*

तिचं माहेर भिवापूर, मिरचीचं गाव. तिकडच्या एका खदानीवर उंदरांनी लोडरचं वायरिंग कुरतडलं होतं. मी नवं टाकलं, पंधरवड्यात तेही कुरतडलं. वंदनानं सरळ आपल्या भावाच्या घरून तिखट आणवलं, तेलात कालवलं आणि सगळ्या वायरिंगवरच्या नळीला फासायला लावलं.

"अगं, हे मशीन आहे, वांगं नाही," मी म्हणालो.

"वांग्याले इतकं लागत नाही."

दोन महिन्यांनी खदानीच्या मालकाला फोन करून विचारलं, "काय म्हणते वायरिंग?"

"एकदम मस्त आहे भाऊ. उंदीर येत नाही." मग म्हणाला, "मेकॅनिक पण येऊन नाही राहिला. मागच्या वेळी त्यानं हात न धुता डोळे पुसले होते."

*

हा किस्सा साईटवरचा नाही, पण आमच्याच कामातला आहे.

दवाखान्यात तिच्या बोटाला क्लिप लावलेली असे. तिची वायर बाजूच्या मॉनिटरला. एका दुपारी मॉनिटर जोरात वाजायला लागला. मी उठलो, नर्स धावत आली, मागून एक डॉक्टरही. वंदनानं डोळे उघडले, बोट वर करून दाखवलं.

"सिस्टर, घाबरू नका. इंजिन बरोबर आहे. सेन्सर निघाला."

क्लिप उशीखाली सापडली. नर्स हसत हसत बाहेर गेली. आम्ही दोघंही बराच वेळ हसत होतो.

नंतर एकदा मॉनिटर तसाच वाजला. मी आधी तिच्या बोटाकडं पाहिलं. क्लिप जागेवर होती.

*

मागच्या महिन्यात नामदेवचा फोन आला. तो आता ग्रेडर चालवतो, काम परत बुटीबोरीकडेच. डिझेलच्या प्रेशरचं रीडिंग मधेच जात होतं आणि चालतं मशीन एकदम मरगळत होतं. दोन जण येऊन गेले होते, नवा सेन्सरही बसवून झाला होता.

"दुसऱ्या माणसाले बोलाव," मी म्हटलं. "मी येत नाही आता, तुले माहीत आहे."

"माहीत आहे. पण मशीन मधातच बसते भाऊ. रोलर मागं येऊन राहिला असते, आन हे पुढं सरकत नाही. एका दिवशी माहाच जीव जाईन. तुम्ही या. वर मी बसतो."

मी रात्री काही ठरवलं नाही. सकाळी उठलो, आंघोळ केली आणि बॅग गाडीत टाकली.

साईटवर ऊन चढलं होतं. जेवणाची सुट्टी झाल्यामुळं आजूबाजूला शांत होतं. नामदेव केबिनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. रीडिंग कुठं दिसतं ते मी त्याला दाखवलं. इंजिन बंद, फक्त चावी चालू. "हा आकडा गेला का लगेच आवाज दे," असं त्याला दोनदा सांगितलं. त्यानं मान हलवली.

मग मी बॉनेटखाली वाकलो. पहिली वायर आधी नुसतीच धरून पाहिली. नंतर हात आपोआप चालू लागले. पंपाकडची वायर, मग तिचा जोड, मग इंजिनाच्या कडेनं मागं जाणारा सगळा जुडगा, क्लॅम्प सोडून एकेक करून. घाई नव्हती. किती दिवसांनी हाताला डिझेलचा वास लागला होता. पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. वरून आवाज नाही.

शेवटी कमरेत कळ आली तेव्हा सरळ झालो. हात पुसत शिडी चढून केबिनच्या दाराशी गेलो. नामदेव तसाच बसला होता, लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून.

"काय गा नामदेव, एकदाही रीडिंग गेलं नाही?"

"गेलं ना भाऊ. पंपापाशी होते तुम्ही, तवाच गेलं. मंग आणखी एकदा गेलं."

"मंग आवाज काहून नाही दिला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. स्क्रीनकडंच बघत म्हणाला,

"तुम्ही वहिनीसंगं बोलून राहिले होते. मधात कसा बोलू?"