न मागता दिलेलं लिंबू

खरं सांगा, ‘चिंचेखालची चूल’ तुम्ही वाचली आहे, की नुसता सिनेमा पाहून अंगावर काटा आणून घेतलात?

वाचली नसेल तर ऐका. त्या जुन्या कादंबरीत भूत नाहीच. एकट्या म्हातारीचं शेत गावाला हवं असतं, म्हणून गाव तिला करणीवाली ठरवून जाळतं. मग जाळणारेच जन्मभर एकमेकांच्या पावलांना भीत जगतात. आणि सिनेमावाल्या शहाण्यांनी काय केलं? म्हातारीलाच हडळ केलं! पांढरे केस, उलटे पाय, हातात लिंबू. न मागता लिंबू देते, घेणारा रक्त ओकून मरतो. शेवटी जाळणारे हिरो. अहो, कादंबरीत लिंबाचं नावसुद्धा नाही!

आमच्या नाचणगावच्या मनकर्णाबाई लिंबं विकतात. केस पांढरे, घरी एकट्या, मागच्या अंगणात लिंबाची दोन झाडं. उन्हाळाभर टोपली घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं. त्यांची एक खोड आहे. गिऱ्हाइकानं घेतलेल्या लिंबांवर एक आपल्या मनानं टाकायचं. “लेकराले सरबत करून देजो वं.” वर्षानुवर्षं गावानं ते हसत घेतलं.

सिनेमा मोबाइलवर आला आणि त्याच लिंबाचं विष झालं. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून बाया ते लिंबू घेत आणि मागून चौकात नेऊन टाकत. सकाळी चौकात लिंबांचा सडा. लगेच त्याच बाया, “पाह्यलं? म्हातारीनं चौकात लिंबं टाकले!” टाकणारे हेच, भिणारेही हेच. अकलेचे कांदे! हळूहळू टोपली दिसली की दारं लागू लागली.

मनकर्णाबाईंनी मला बोलावलं. “भाऊ, तू मोर्चेवाला माणूस. त्या सिनेमाचं थे पुस्तक वाचून दाखव मले.”

ओट्यावर बसून वाचलं. जाळण्याच्या पानावर त्यांनी मला थांबवलं.

“हिनं तं काईच नाई केलं. मंग सिनेमात काऊन केलं?”

मी सिनेमावाल्यांना चार शिव्या हासडल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तेच पान मी चौकात वाचलं; टोपली, सुरी, पाण्याचा तांब्या आणि ग्लास घेऊन मनकर्णाबाई शेजारी बसल्या होत्या. मोबाइलच्या दुकानातला मुकेश खिदळला. सिनेमा गावभर वाटला होता तो यानंच.

“नेताजी, पुस्तकात हडळच नाई, तं वाचंन कोण?”

मनकर्णाबाईंनी चौकातलंच एक लिंबू उचललं. धुतलं, चिरलं, ग्लासात पिळलं, पाणी घातलं आणि पिऊन टाकलं. दुसरा ग्लास मुकेशपुढे धरला.

“पी नं बाबू. लहान होता तवा ऊन लागलं होतं तुले. माह्याच लिंबानं उठला तू.”

मोबाइलवर हडळ जळताना टाळ्या पिटणारा गडी मागे सरला. बाकीचा चौक चपला बघत उभा. शेवटी मनकर्णाबाईंच्या शेजारच्या जिजाबाई पुढे आल्या.

“आण वं इकडं.” गटागटा प्यायल्या, ओठ पुसले. “आंबट हाये. बस, येवढंच हाये त्याच्यात.”

एक ग्लास. एवढ्या मोठ्या गावातून एक! मनकर्णाबाईंची टोपली आजही बहुतेक भरलेलीच घरी येते, आणि तरी त्या वरचं लिंबू टाकायचं सोडत नाहीत.

तेव्हा सिनेमा कसा वाटला, हे मला सांगत बसू नका. नाचणगावला या, मनकर्णाबाईंकडून लिंबं घ्या आणि त्या न मागता देतील ते लिंबू तिथंच, चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिळून प्या.