बिस्किटांच्या डब्यातले बिल्ले

दोन हजार वीसच्या शरद ऋतूत आम्ही आयर्लंडमधल्या ॲथलोनला राहत होतो. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसच्या कामात, आणि तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई विमानं बंद झाल्यामुळे आठव्या महिन्यातही आमच्याकडेच.

शेजारच्या आजोबांचा भाऊ त्या उन्हाळ्यात वारला. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. मग टपालाने बिस्किटांचा एक डबा आला. त्यात पितळेचे अकरा काळपट बिल्ले होते. भावाला मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळायचा नाद होता. हे नक्की काय आहे ते शोधून देशील का, असं आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं. मी कॉम्प्युटरवर काम करते म्हणजे मला सगळं येतं, असा त्यांचा समज. मीही सवयीने हो म्हणून बसले.

ती नाणी नव्हती. राजाचं डोकं नाही, साल नाही. एका बाजूला दोन अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाराचा आकडा आणि वर झिजलेली कसलीशी आकृती. कणीक भुरभुरून, ती पुसून, खाचांत उरलेली अक्षरं मी भिंगातून वाचली. आकृती मला किल्ल्यासारखी दिसली. ॲथलोनला किल्ला आहेच. झालं, मी इथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या याद्या उपसायला घेतल्या. जुन्या काळी सुट्टे पैसे कमी पडले की दुकानदार स्वतःचे बिल्ले पाडत, एवढं ज्ञान मिळालं. त्या दोन अक्षरांचा दुकानदार काही मिळाला नाही. तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच.

त्यातच एकदा मीटिंग संपवून स्वयंपाकघरात गेले, तर आईने दोन बिल्ले चिंचेने घासून देवाच्या भांड्यांसारखे लखलखीत केलेले.

"किती कळकट झालं होतं गं," ती म्हणाली. "आन् किल्ला कसला? पाटी हाय ही."

मी ऐकलंच नाही. जुन्या धातूवरचा काळा थर हीच त्याची किंमत असते, तो कधी काढायचा नसतो, असं मी तिला तावातावाने सुनावलं. लोकांची वस्तू, विचारायचं तरी.  आई चिंचेचं पाणी सिंकमध्ये ओतून खोलीत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शेवटी मी जुन्या बिल्ल्यांच्या एका वेबसाइटवर फोटो टाकून मदत मागितली. पहिलंच उत्तर दटावणीचं आलं. आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय डिटेक्टरने जुन्या वस्तू शोधणं गुन्हा आहे, हे कुठे सापडलं ते आधी सांगा.  तशीच कुंपणाशी गेले आणि आजोबांना विचारलं.

"इथे? छे," ते शांतपणे म्हणाले. "तो चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये होता. सगळं केंटमधल्या शेतांतलं आहे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

मी तसं लिहिल्यावर तासाभरात उत्तर आलं. केंटमध्ये फळतोडणीच्या मजुरांना भरलेल्या टोपल्यांमागे असे बिल्ले देत. अक्षरं मळेवाल्याची, आकडा टोपल्यांचा. वरची आकृती टोपलीची, म्हणजे आईच्या बोलीत पाटीची. घासलेले दोन मात्र वाया गेले, असंही त्या माणसाने लिहिलं होतं.

मी आईला सांगितलं. "मग मी काय म्हनत होते?" एवढंच म्हणून ती भाजी निवडत राहिली. माफी मागितली तीही तिने हातानेच उडवून लावली.

आजोबांना सगळं सांगताना मला संकोच वाटत होता. भावाने इतक्या वर्षांचे रविवार घालवले आणि हाती मजुरांचे बिल्ले आले. ते ऐकून हसायला लागले, मग हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत राहिले. घासलेल्या दोन्ही बिल्ल्यांबद्दल मी क्षमा मागितली. त्यांनी ते तळहातावर बराच वेळ उलटसुलट करून पाहिले.

"हे ग्रँड झालेत," ते म्हणाले. "बाकीचे नऊ पण करून देईल का तुझी आई?"

काळ्या थराबद्दल मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि डबा कुंपणावरून माझ्या हातात दिला. मी हात टेकले. आईने त्याच दुपारी चिंच भिजत घातली.