फोन कापणारा हात

लायसन्सच्या परीक्षेला येणारी पोरं त्याला ब्रेकसाहेब म्हणत. परीक्षेच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि समोर माणूस दिसूनही कुणी वेग कमी केला नाही की तो पाय असा दाबायचा की शिकाऊ ड्रायव्हरचं कपाळ काचेपर्यंत जायचं. मग एकच वाक्य. "उतरा. पुन्हा या." त्याच्याकडे वशिला चालायचा नाही, रडणं तर त्याहून नाही. घरी मात्र हाच माणूस आईच्या वेणीची गाठ बांधत बसायचा.

आईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. सुनेला ती कधी "बाई" म्हणे, कधी "वन्सं". घरातून निघून जाण्याची सवय लागल्यावर त्याने तिला आपला फोन नंबर पाढ्यासारखा चालीवर शिकवला. आश्चर्य म्हणजे तो तिच्या डोक्यात रुतून बसला. नाव विचारलं तरी ती नंबर सांगायची. दोनदा परक्या माणसांनी त्यावर फोन करून तिला घरी पोचवलं होतं.

एक दिवस त्याने एका मुलीला तिसऱ्यांदा नापास केलं. मालवाहू गाडीवर तिची नोकरी ठरलेली होती, फक्त लायसन्स तेवढं हवं होतं. ती गाडीतून उतरली, दार आपटलं आणि म्हणाली, "तुमच्या घरी कुणी उपाशी नाही ना, म्हणून जमतं तुम्हाला हे."

संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो, घराचा पत्ता आणि नंबर इंटरनेटवर होता. खाली त्या मुलीने लिहिलं होतं, "हा गरिबांना मुद्दाम नापास करतो. घरी जाऊन जाब विचारा."

लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. फोन खणखणू लागला. आधी नापास झालेल्यांचा, मग ज्यांनी आयुष्यात कधी गाडीला हात लावला नव्हता त्यांचा. शिव्यांची सुरुवात आणि शेवट आईवरूनच. "तुझ्या आईला उचलून नेतो," असंही कुणीतरी म्हणालं. दारावरची बेल वाजवून माणसं पळून जात. एकाने दारावर काळा रंग ओतला. बायकोने पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि ये-जा मागच्या दाराने सुरू केली.

"अहो, नंबर बदला ना," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"आणि आई हरवली तर?"



पोलीस ठाण्यातल्या बाईसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पूर्वी आम्ही हात वर केले असते," त्या म्हणाल्या. "आता कलम आहे. त्रास व्हावा म्हणून कुणाची खाजगी माहिती जगजाहीर केली तर तो फौजदारी गुन्हा. मुलीवर गुन्हा दाखल होईल."

"आणि हे फोन करणारे?"

"धमकी देणारे शोधू. पण पुढे पाठवणारे हजारो आहेत, साहेब. प्रत्येकाचा हेतू सिद्ध करायचा म्हणजे..."

मुलीला ताब्यात घेतलं, तिने मजकूर काढून टाकला. पण सांडलेलं पाणी भरून घेता येतं का? तोवर तो हजार ठिकाणी पोचला होता. ब्रेकसाहेबाचं जेवण सुटलं. परीक्षा घेताना पाय उगाच ब्रेकवर जायचा.

अशातच एका दुपारी, तो मैदानात गाडीजवळ उभा असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे रांगडा आवाज. "तुमची आई आमच्याकडे आहे. लवकर या, नाहीतर मग माझी जबाबदारी नाही हां..."

आई तर घरातच असणार, पुढच्या दाराला कुलूप होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. आयुष्यात न उच्चारलेल्या शिव्या त्याने त्या माणसाला घातल्या, फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला. बाजूची शिकाऊ मंडळी बघतच राहिली.

थोड्या वेळाने बायकोचा फोन. ती रडत होती. "आई नाहीत हो घरात! मी कपडे वाळत घालत होते, मागचं दार उघडंच राहिलं..."

त्याने मघाशी ब्लॉक केलेला नंबर शोधून लावला.

"इस्त्रीवाला बोलतोय," तोच आवाज आला. "दादा, मी बाकावर बसवलं होतं त्यांना, पाणी दिलं. त्यांनीच नंबर सांगितला. तुम्ही शिव्या घातल्यात. पुन्हा लावला तर लागेना. दुकानात गिऱ्हाईक आलं, वळून बघतो तर आजी नाहीत. मला वाटलं, तुम्हीच आलात."

आई सापडली ती सरकारी दवाखान्यात. रस्ता ओलांडताना मोटारसायकलचा धक्का लागला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उठली नाही. पडून पडून छातीत कफ साठला आणि खटला उभा राहायच्या आत ती गेली.

कोर्टात मुलीच्या वकिलाने विचारलं, "तो फोन कुणी कापला?"

"मी."

"माझ्या अशिलाने तुम्हाला तसं करायला सांगितलं होतं?"

"नाही."

न्यायाधीशांनी त्याला आणखी काही सांगायचंय का विचारलं. कठड्याला धरून तो म्हणाला, "खरं बोलणारा एकच फोन होता, साहेब. मला ओळखता आला नाही. कसा येणार होता?"

गुन्हा सिद्ध झाला. वर्षभराची शिक्षा, पण पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुलगी सुटली. आईच्या मृत्यूबद्दल निकालपत्रात एक ओळ होती: त्याचा आरोपीच्या कृत्याशी थेट संबंध दिसत नाही.

बाहेरच्या जिन्यात मुलगी भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. "मला एवढं होईल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

बायको पुढे झाली. "वाटलं नव्हतं? अगं, जाब विचारा म्हणून घराचा पत्ता तूच दिला होतास ना?"

त्याने बायकोचा दंड धरला. मुलीवर ओरडावं असं त्याला फार वाटत होतं, पण तोंड उघडलं की त्याला इस्त्रीवाल्यावर ओरडणारा आपलाच आवाज ऐकू येई. तो काही न बोलता जिना उतरू लागला. खिशातला फोन वाजत होता. त्याने तो काढला नाही. तो वाजू दिला, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिला.